आकडे न जुळणारे लुगर : १९१७ च्या एका पी-०८ चे सहाशे गोळ्यांनंतरचे परीक्षण

जुन्या जर्मन लष्करी पिस्तुलांच्या संग्राहकांमध्ये एक शेरा फार सहजपणे मारला जातो. ज्या पिस्तुलाच्या सगळ्या भागांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, ते ‘नुसते झाडायचे’ पिस्तूल, असे म्हणून लोक पुढच्या वस्तूकडे वळतात. या ‘नुसते’ शब्दातल्या हेटाळणीशी माझे जुने भांडण आहे, आणि ज्या पिस्तुलाचे हे परीक्षण आहे ते त्याच उपेक्षित वर्गातले आहे. बर्लिनच्या ‘डॉइच वाफेन उंड मुनिशन्सफाब्रिकेन’, संक्षेपाने डीडब्ल्यूएम, या कारखान्यात १९१७ साली तयार झालेले हे पी-०८, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातले लुगर, गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. परवान्याच्या अटी पाळून, देखरेख असलेल्या रेंजवर मी त्यातून सुमारे सहाशे गोळ्या झाडल्या आहेत आणि दर वेळी ते सुटे करून साफ केले आहे, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते काचेच्या कपाटाबाहेरून पाहून लिहिलेले नाही.

खरेदीची हकिगत आधी सांगून टाकतो. विक्रेत्याने वर्णनात ‘सर्व क्रमांक जुळणारे’ असे स्वच्छ लिहिले होते आणि छायाचित्रेही भरपूर दिली होती. फक्त डाव्या बाजूची जी छोटी पट्टी चापाच्या वर बसते, तिचे छायाचित्र नेमके अशा कोनातून घेतलेले होते की तिच्यावरचा आकडा प्रकाशाच्या चकाकीत नाहीसा व्हावा. पेटी उघडून पाहिले तेव्हा पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ६३ आणि त्या पट्टीवर १७. पत्रव्यवहार झाला, ‘नजरचुकीने राहिले’ असे उत्तर आले, आणि रकमेतला काही भाग परत मिळाल्यावर मी पिस्तूल ठेवून घेतले. ज्यांना अशी खरेदी करायची आहे त्यांना एवढेच सांगेन की ज्या भागाचे छायाचित्र दिलेले नाही, तोच भाग मागून घ्यावा.

हे आकडे इतके महत्त्वाचे का ठरले, हे समजून घेतले की संग्राहकांचा आग्रह निव्वळ हट्ट वाटत नाही. पी-०८ चे भाग यंत्रावर कापले जात असले तरी शेवटची जुळणी कारागीर हाताने, कानशीने घासून करीत असे. एका पिस्तुलासाठी घासलेला भाग दुसऱ्यात बसेलच याची खात्री नसल्याने प्रत्येक भागावर त्या त्या पिस्तुलाची खूण असणे भाग होते. लष्करी पिस्तुलांवर पूर्ण क्रमांक सांगाड्याच्या पुढच्या अंगावर, नळी ज्यात बसते त्या वरच्या भागाच्या डाव्या बाजूस आणि नळीच्या खालच्या अंगावर उमटवलेला असतो, तर चाप, सुरक्षा-खटका, टॉगलचे (नळीमागच्या दुमडणाऱ्या सांध्याचे) तुकडे, बाजूची पट्टी अशा लहान भागांवर फक्त शेवटचे दोन आकडे असतात. दहा हजार पिस्तुले झाली की क्रमांकाला पुढचे अक्षर जोडले जाई आणि वर्ष बदलले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. म्हणून एकच आकडा असलेली अनेक लुगर पिस्तुले जगात सुखेनैव नांदत आहेत, आणि वर्ष, कारखाना व अक्षर यांच्याशिवाय नुसता आकडा सांगणे म्हणजे गावाचे नाव न सांगता घर क्रमांक सांगण्यासारखे आहे.

आता या पट्टीपुरता मला संग्राहकांना एक गुण द्यावा लागतो. ही पट्टी केवळ झाकण नसते. तिच्या आत एक काटकोनी तरफ असते, जी चापाची खालून वर होणारी हालचाल आडवी वळवून वरच्या भागाच्या बाजूला असलेल्या लांबट दांडीवर दाबते आणि मग गोळी सुटते. चाप आणि स्फोटाची टाचणी यांच्यामध्ये इतकी वळणे असल्यामुळे लुगरचा चाप मुळातच फारसा कौतुकास्पद नाही. माझ्या पिस्तुलात परकी पट्टी असल्याने तो आणखी लांब आणि किंचित किरकिरा झाला आहे : आधी बराच रिकामा प्रवास, मग एक अडखळा, मग पुन्हा थोडी ओढ, आणि आपण अपेक्षा सोडून दिल्यावर गोळी सुटते. १९११ पासून पी-०८ बनवणाऱ्या एरफुर्टच्या सरकारी शस्त्रशाळेतले एक पूर्ण जुळणारे पिस्तूल मी एका संग्राहकाच्या कृपेने झाडून पाहिले, त्याचा चाप स्पष्टपणे अधिक नितळ होता. तेव्हा आकडे जुळण्याला यांत्रिक अर्थ आहे, हे मान्य. पण जुळणाऱ्या पिस्तुलाचा मालक त्यातून वर्षाला एक गोळीसुद्धा झाडत नाही, कारण टॉगलचा एखादा तुकडा तडकला तर आकड्यांची ती साखळी कायमची तुटते. उत्तम चाप असलेले पिस्तूल मखमलीत झोपलेले असते आणि मध्यम चाप असलेले रेंजवर असते, हा या छंदातला विनोद आहे.

या पिस्तुलाची रचना मात्र अशी आहे की ती चालताना पाहिल्याखेरीज तिचे मोल कळत नाही. ह्यूगो बोर्खार्ट याने १८९३ च्या आपल्या पिस्तुलात टॉगलचा सांधा वापरला, पण ते पिस्तूल पाठीमागे मोठा फुगवटा असलेले आणि हातात अवघडल्यासारखे बसणारे होते. गेऑर्ग लुगर या ऑस्ट्रियन अभियंत्याने तीच कल्पना घेऊन मुख्य स्प्रिंग मुठीत नेली, मूठ तिरकी केली आणि सगळी वस्तू आटोपशीर करून टाकली. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १९०० साली ते ७.६५ मिलिमीटर काडतुसासह स्वीकारले, जर्मन नौदलाने १९०४ मध्ये ९ मिलिमीटरचे आणि लांब नळीचे घेतले, आणि जर्मन भूसेनेने १९०८ मध्ये सुमारे १०० मिलिमीटर नळीचे जे रूप मान्य केले तेच पी-०८. सहा वर्षांनी महायुद्ध पेटणार होते, याची कल्पना तेव्हा स्वीकृतीच्या कागदावर सही करणाऱ्यांनाही नसावी; काडतुसाचे नाव मात्र ‘युद्धाची तयारी कर’ या लॅटिन वचनावरून घेतलेले ‘पॅराबेलम’.

टॉगल म्हणजे काय हे समजण्यासाठी आपला गुडघा पुरेसा आहे. पाय ताठ असतो तेव्हा त्यावर सगळ्या अंगाचा भार पेलला जातो, पण मागून लवणीत कोणी हलकेच टोकले की तोच पाय क्षणात दुमडतो. गोळी सुटते तेव्हा नळी आणि तिच्यामागचा ताठ सांधा एकत्रच काही मिलिमीटर मागे सरकतात. तेवढ्या वेळात गोळी नळीबाहेर पडते आणि दाब उतरतो. मग टॉगलच्या दोन्ही बाजूंची गोल बोंडे सांगाड्याच्या पाठीमागच्या उतारांवर आपटतात, सांधा वर उचलला जाऊन दुमडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि मुठीतली स्प्रिंग सगळे पुन्हा ताठ करून ठेवते. हे सगळे डोळ्यांच्या समोर, नजरेच्या रेषेतच घडते. पहिल्या काही गोळ्यांना टॉगलची ती उसळी पाहून पापणी लवते आणि नेम बिघडतो. नंतर त्याची इतकी सवय होते की साधे सरकते आवरण असलेले पिस्तूल मुके वाटू लागते.

हातात धरल्यावरचा अनुभव हा या पिस्तुलाचा सर्वांत मोठा गुण आहे आणि त्याबद्दल जे बोलले जाते त्यात अतिशयोक्ती नाही. मुठीचा तिरकस कोन असा आहे की डोळे मिटून हात समोर करावा आणि डोळे उघडावेत, तर नळी जिथे पाहायचे तिथेच रोखलेली असते. नळी हाताच्या अगदी जवळ, खालच्या अंगाला बसत असल्याने धक्का मनगटाला वर फेकत नाही, सरळ मागे तळव्यात येऊन विरतो. सुमारे ८७० ग्रॅम वजनाचे पिस्तूल असूनही ते हलके वाटते, कारण वजनाचा मध्य मुठीतच आहे.

नेमाच्या खुणांबद्दल मात्र कौतुकाचे शब्द सापडत नाहीत. पुढची माशी म्हणजे एक टोकदार त्रिकोण आणि मागची खाच म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची बारीक चीर. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना संध्याकाळच्या उजेडात या दोघांची गाठ घालून देणे म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखे आहे. मागची खाच टॉगलच्या मागच्या तुकड्यावरच कोरलेली आहे, म्हणजे प्रत्येक गोळीला ती हवेत उडून परत येते, आणि तरीही अचूकता टिकते. हे कागदावर वाचून पटत नाही. पंचवीस मीटरवर, उभे राहून, दोन्ही हातांनी धरून, घाई न करता झाडलेल्या आठ गोळ्यांपैकी सहा-सात तळहाताएवढ्या वर्तुळात पडतात. त्या नेम धरलेल्या जागेच्या साधारण वीतभर वर पडतात, आणि मागची खाच न घासता नेमच खाली धरण्याची शिस्त मी लावून घेतली आहे. शंभर वर्षांच्या वस्तूवर कानस चालवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे मत आहे.

पुंगळ्या उजवीकडे जात नाहीत, वर जातात आणि मागे पडतात. टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय हे पिस्तूल झाडू नये. शर्टाच्या कॉलरमध्ये शिरलेली गरम पुंगळी माणसाला शस्त्रशिस्त क्षणभर विसरायला लावते, आणि भरलेले पिस्तूल हातात असताना विसरण्याची ती वेळ नव्हे.

दारूगोळ्याच्या बाबतीत लुगर लाडावलेल्या घोड्यासारखे आहे : योग्य चारा मिळाला तर दिवसभर धावेल, नाही तर जागचे हलणार नाही. मूळ लष्करी काडतुसात सुमारे ८ ग्रॅमची गोळी होती. आज ज्याला १२४ ग्रेन म्हणतात ते वजन जवळजवळ तेच. मी सुरुवातीला हाताशी होती ती ११५ ग्रेनची मवाळ काडतुसे वापरली आणि पहिल्या शंभर गोळ्यांत अकरा वेळा पिस्तूल अडले. कधी टॉगल पुरेसे मागे न गेल्याने पुढचे काडतूस उचललेच गेले नाही, कधी रिकामी पुंगळी टॉगलखाली चुलीच्या धुराड्यासारखी उभी राहिली. १२४ ग्रेनची, पूर्ण धातूच्या आवरणाची, गोल नाकाची आणि साध्या दाबाची काडतुसे घेतल्यावर ही तक्रार जवळपास संपली. पोकळ टोकाच्या गोळ्या मुठीच्या तीव्र तिरक्या चढणीवर अडखळतात. जास्त दाबाची किंवा सबमशीनगनसाठी म्हणून विकली जाणारी काडतुसे मात्र अडखळण्याच्या पलीकडची गोष्ट आहे. ती वापरल्यास शतकभर जुन्या पोलादाच्या टॉगलला आणि मागच्या खिळीला तडा जाऊ शकतो, आणि तो तडा जातो तेव्हा ती वस्तू आपल्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते. युद्धकाळातली मूळ काडतुसे कुणी दिली तर ती शोकेसमध्ये ठेवावीत. त्यांतल्या ठिणगी-मिश्रणाचे क्षार नळीला गंज चढवतात, आणि जुन्या लुगरच्या नळ्यांमध्ये आज जे खड्डे दिसतात ते बरेचसे त्यांचेच देणे आहे.

उरलेल्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा मॅगझिनमध्ये असते. पहिल्या महायुद्धातली मॅगझिने पातळ पत्रा वळवून केलेली, लाकडी बुडाची. शंभर वर्षांत त्यांचे ओठ पसरतात आणि स्प्रिंग थकते. पिस्तुलासोबत आलेले जुने मॅगझिन मी एकदा वापरले आणि म्यानात ठेवून दिले. रेंजवर मी मेक-गार या इटालियन कंपनीचे नवे मॅगझिन वापरतो, आणि ज्यांना लुगर ‘नखरेल’ वाटते त्यांनी पिस्तुलाला दोष देण्यापूर्वी एकदा नवे मॅगझिन लावून पाहावे. आठवे काडतूस बसवताना अंगठ्याची परीक्षा होते, हे मात्र जुन्या-नव्या दोन्ही मॅगझिनांत सारखेच. जर्मन सैन्याला हे ठाऊक होते, म्हणूनच चामडी म्यानाच्या झाकणाआड एका छोट्या कप्प्यात पोलादी पट्टीचे हत्यार दिलेले असे, जे मॅगझिनच्या बाजूच्या बोंडात अडकवून स्प्रिंग खाली ओढता येते आणि ज्याचे दुसरे टोक पेचकस म्हणून चालते. म्यानासोबत हे हत्यार मूळचे असेल तर संग्राहक त्याचीही शिक्क्यांसकट तपासणी करतात. नसेल तर त्याची नवी प्रतिकृती कामापुरती उत्तम आहे.

आता संग्राहकाच्या नजरेने. या पिस्तुलाचा निळा-काळा रंग त्या काळच्या ‘गंज देऊन’ करायच्या पद्धतीचा आहे. त्या पद्धतीत भाग स्निग्धतारहित करून त्यावर आम्ल लावीत, बारीक गंज येऊ देत, तो उकळत्या पाण्यात काळा करून घासून काढीत, आणि हे पुन्हा पुन्हा करीत. त्यामुळे जो रंग येतो त्यात एक मऊ खोली असते, नव्या रासायनिक हौदात बुडवून आलेल्या रंगासारखी आरशाची चकाकी नसते. पूर्वीच्या पद्धतीत सांगाड्याच्या आतली बाजू रंगवली जात नसे, ती पांढऱ्या पोलादाचीच राही. म्हणून १९१७ च्या पिस्तुलाची आतली बाजू काळी-निळी दिसली, तर कोणी तरी ते पिस्तूल नंतर हौदात बुडवले आहे हे निश्चित समजावे, मग बाहेरून ते कितीही देखणे असो. माझ्या पिस्तुलाची आतली बाजू पांढरी आहे, बाहेरचा रंग साठ-सत्तर टक्के टिकला आहे आणि मुठीच्या पुढच्या कडेला तो पूर्ण उडून तिथे हाताच्या घामाने तांबूस-राखी झाक आली आहे. चाप, सुरक्षा-खटका, पिस्तूल सुटे करायची कळ अशा लहान भागांना पाणी देताना तापवून आणलेला गवती पिवळा रंग असे. तो माझ्याकडे फक्त कळीच्या खालच्या, सावलीतल्या बाजूला उरला आहे. पूर्वीचा हा रंग नव्याने आणून देणारे कारागीर आहेत, पण नवा पिवळा जुन्याशेजारी हळद लावल्यासारखा दिसतो.

वरच्या भागावर ‘१९१७’, टॉगलवर डीडब्ल्यूएमची गुंफलेली अक्षरे, उजव्या अंगाला तपासनिसांचे मुकुटाखालील अक्षरांचे शिक्के, आणि नळीच्या खाली क्रमांकाबरोबर नळीचा मोजलेला व्यास, असे सगळे जागच्या जागी आहे. काही पिस्तुलांवर वर्षाच्या आकड्याबरोबर ‘१९२०’ हा दुसरा आकडाही असतो. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणल्यावर जुनी पिस्तुले दुरुस्त करून, मोजून-नोंदून पुन्हा वापरात आली, त्या काळाची ती खूण. अशा दोन सालांच्या पिस्तुलांत भागांची अदलाबदल झालेली आढळली तर ती फसवणूक असेलच असे नाही. सुरक्षा-खटका खाली ओढला की उघडे पडणारे ‘गेझिशर्ट’ आणि काडतूस आत असले की पुंगळी-ओढणीच्या डाव्या अंगावर वर उचलले जाणारे ‘गेलाडेन’, म्हणजे अनुक्रमे ‘सुरक्षित’ आणि ‘भरलेले’, हे दोन शब्द मला या पिस्तुलावरचे सर्वांत सुंदर कोरीव काम वाटतात, कारण ते सजावटीसाठी केलेले नाही. अर्थात या शब्दांवर विसंबून कोणी नळी रिकामी आहे की नाही हे पाहायचे टाळू नये.

सुटे करणे सोपे आहे, एकाच ठिकाणी सापळा आहे. मॅगझिन काढून, टॉगल ओढून, काडतूसघर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करून मगच पुढे जावे. बाजूची पट्टी काढल्यावरही वरच्या भागाची ती दांडी दाबली गेली तर भरलेले पिस्तूल सुटू शकते. नळी किंचित मागे दाबून समोरची कळ खाली वळवली की पट्टी निघते आणि वरचा भाग पुढे सरकून हातात येतो, एकही हत्यार लागत नाही. जोडताना मागच्या दुव्याचा हूक मुठीतल्या स्प्रिंगच्या तरफेपुढे नीट पडला पाहिजे. तो मागे पडला तर पिस्तूल वरवर जोडलेले दिसते, पण टॉगलला स्प्रिंगचा जोर नसतो आणि ते ढिल्या कुलपासारखे खुळखुळते. पहिल्या महिन्यात माझ्याकडून हे तीनदा झाले.

तुलनेसाठी त्याच रेंजवर मला माउझरचे सी-९६ झाडायला मिळाले, तेही पहिल्या महायुद्धातले, ९ मिलिमीटरचे आणि मुठीवर लाल रंगाने भरलेला ‘९’ कोरलेले. प्रशियाच्या सैन्याने १९१६ मध्ये अशा दीड लाख पिस्तुलांची मागणी नोंदवली होती, आणि मूळच्या ७.६३ मिलिमीटर पिस्तुलात हे काडतूस चुकून जाऊ नये म्हणून हा लाल आकडा आला. फीडर्ले बंधूंनी घडवलेले हे यंत्र आतून पाहावे तर एखाद्या लाकडी कोड्यासारखे आहे : मुठीचा एक पेच सोडला तर कुठेही पेच नाही, सगळे भाग एकमेकांत अडकून राहतात. पण झाडण्याच्या दृष्टीने झाडूच्या दांडीसारखी गोल मूठ, समोर भरलेले मॅगझिन आणि उंच बसलेली नळी यांमुळे ते मनगटाला ओढ देते. लाकडी म्यानच दस्ता म्हणून मागे जोडले की मात्र तेच पिस्तूल शहाण्यासारखे वागू लागते. दहा काडतुसांची पट्टी वरून एका दमात दाबून भरताना होणारा खर्रकन आवाज मला मनापासून आवडला. ज्याच्याकडे असे पिस्तूल असेल त्याने पाठीमागचा आडवा अडसर, जो काडतुसामागच्या सरकत्या खिळीला चेहऱ्याकडे येण्यापासून रोखतो, तो भिंगाखाली तपासल्याशिवाय झाडू नये.

वाल्थरचे पी-३८ हे लुगरचा वारस म्हणून १९३८ मध्ये आले, आणि केवळ झाडण्याचे साधन म्हणून ते अधिक शहाणे पिस्तूल आहे, हे कबूल करायला हवे. पहिली गोळी घोडा न चढवता सोडता येते, काडतुसांबाबत फारसे चोचले नाहीत, बनवायला कमी खर्चाचे. लुगरला सैन्यातून निरोप मिळाला तो याच कारणांनी. तरीही पी-३८ झाडून घरी आल्यावर मला ते पुन्हा उघडून बघावेसे वाटत नाही. उलट टोकाला जर्मन सैन्याची १८७९ आणि १८८३ ची राइशरिव्हॉल्व्हर आहेत, काळ्या दारूची, १०.६ मिलिमीटरची, सहा गोळ्यांची, दर वेळी घोडा हाताने चढवायला लावणारी. पुंगळ्या बाहेर ढकलण्याची सोय पिस्तुलातच नाही, त्या वेगळ्या काडीने एकेक काढायच्या. काडतुसेही दारू आणि गोळी घालून स्वतःच तयार करावी लागतात. संथपणाची आवड असेल त्यांच्यासाठी ती उत्तम आहेत, आणि अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली शस्त्रेच ‘अँटिक’ ठरत असल्याने तिथे खऱ्या अर्थाने पुराण वस्तू तीच. १९१७ चे लुगर तिथे साधे शस्त्र म्हणूनच नियमांत बसते. इतर देशांची रेषा वेगळी असते, आणि ती पाहूनच खरेदी करावी.

एक मत जाता जाता. नंतरच्या, १९३० पासून ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात बनलेल्या लुगरांपैकी काही तांत्रिकदृष्ट्या सुबक आहेत, आणि त्यांना मागणीही अधिक आहे. पण त्या मागणीत गरुडाखालच्या स्वस्तिकाच्या शिक्क्याचे आकर्षण कितपत आणि पोलादाचे कितपत, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. काळ्या बॅकेलाइटच्या मुठी असलेल्या १९४१-४२ च्या पिस्तुलांना विक्रेत्यांनी ‘ब्लॅक विडो’ हे नाव चिकटवले आहे; ते त्या काळाचे नाव नाही, दुकानदारीचे आहे. कैसरच्या काळातले पिस्तूल घेण्यामागे माझे हेही एक कारण होते, जरी खंदकातल्या चिखलात त्याने काय काम केले असेल याची जाणीव तेवढ्याने पुसली जात नाही.

सहाशे गोळ्यांत मोडतोड म्हणाल तर पुंगळी-ओढणीची छोटी स्प्रिंग गेली आणि मुठीतली मुख्य स्प्रिंग मी सावधगिरी म्हणून बदलली. जुनी स्प्रिंग नव्यापेक्षा बोटाच्या पेरभर आखूड झालेली होती, आणि पहिल्या शंभर गोळ्यांतल्या त्या अकरा अडथळ्यांपैकी काहींचे पाप काडतुसांच्या माथी नाहक गेले असावे. काढलेले दोन्ही भाग चिठ्ठी लावून डबीत ठेवले आहेत.

मध्यंतरी एका जाणकाराने पट्टीबद्दल ऐकून सुचवले की कोरी पट्टी मिळते, तिच्यावर जुन्या वळणाच्या ठशांनी ६३ मारून, वरून गंजाचा रंग देऊन मिळेल आणि पिस्तूल ‘जुळणारे’ होईल. काम चोख होईल यात शंका नव्हती, त्याने केलेला एक नमुना मी भिंगाखाली पाहिला आणि मला तो ओळखता आला नसता. मी नको म्हटले. १७ आकड्याची पट्टी जागेवरच आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या आतल्या तरफेच्या टोकाला बारीक तेलाचा दगड दोन-चार वेळा फिरवून तो अडखळा कमी होतो का, एवढे बघायचे आहे.